लूपमध्ये दरवेळी न्यू करायचं का एकच ऑब्जेक्ट वापरत राहायचा? आणि जुन्या ऑब्जेक्टचं काय होतं?

कांदेनवमी:

नमस्कार सगळ्यांना. मी बीएससी कॉम्प्युटर दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच, या सेमला जावा सुरू झालंय. मिनी प्रोजेक्टला सगळे लायब्ररी मॅनेजमेंट घेतात म्हणून मी मुद्दाम वेगळं घेतलं, मार्केटच्या हिशोबपट्ट्यांचा प्रोग्राम. काका लासलगावला कांदा नेतात, त्यांच्याकडच्या पट्ट्या बघून फील्ड ठरवले. पट्टी नावाचा क्लास, त्यात शेतकऱ्याचं नाव, वजन क्विंटलमध्ये आणि भाव, एवढंच. हमाली-तोलाईची वजावट नंतर टाकणार आहे.

लॅबच्या पीसीवरून कोड बाहेर आणता येत नाही म्हणून तोंडीच सांगते. लूपच्या बाहेर एक पट्टी न्यू करून (म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवून) प मध्ये ठेवली, मग लूपमध्ये दर ट्रॉलीला प चं नाव, वजन, भाव बदलायचा आणि यादीत ॲड करायचं, यादी म्हणजे ॲरेलिस्ट. चार ट्रॉल्या टाकून बघितल्या, वजनं २२.४०, १८.७५, ३१.१० आणि २७.६०. प्रिंट केलं तर चारही ओळींत शेवटचीच ट्रॉली, तेच नाव, तोच भाव, २७.६०, २७.६०, २७.६०, २७.६०. एकूण वजन ९९.८५ यायला पाहिजे तिथे ११०.४० येतंय.

मैत्रिणीने सांगितलं न्यू ची ओळ लूपच्या आत घे. घेतली, बरोबर आलं. पण का आलं ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही, आणि आमच्या सरांनी स्पष्ट सांगितलंय की लूपमध्ये न्यू करायचं नाही, मेमरी वाया जाते, एकच ऑब्जेक्ट बनवा आणि व्हॅल्यू बदलत राहा. मग सिझनला दिवसाला समजा चारशे ट्रॉल्या आल्या तर चारशे ऑब्जेक्ट होणार ना? आणि प मध्ये नवीन पट्टी टाकली की जुनी पट्टी कुठे जाते, ती पुसायची कशी, नल करायचं का प्रत्येक वेळी? प्लीज सोप्या भाषेत सांगा.

सिडको_त्रिमूर्ती:

प्रश्न छान मांडलास ताई, आकडे दिलेस ते तर फारच बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं "चालत नाहीये" लिहून गायब होतात.

तुझ्या डोक्यात दोन गोष्टींचा काला झालाय, व्हेरिएबल पुन्हा वापरणं आणि ऑब्जेक्ट पुन्हा वापरणं. दोन्ही वेगळं आहे. प हा व्हेरिएबल म्हणजे पट्टी नाही. प म्हणजे फक्त पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पट्टी हा ऑब्जेक्ट म्हणजे घर, ते तिकडे हीपमध्ये (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत) कुठेतरी बांधलेलं आहे. आणि यादीत ॲड करतेस तेव्हा घर उचलून यादीत जात नाही, चिठ्ठीवरचा पत्ता तेवढा यादीत उतरवला जातो.

आता तुझा पहिला कोड बघ. न्यू एकदाच केलंस, घर एकच. पहिल्या फेरीत त्या घरात २२.४० ठेवलं आणि पत्ता यादीत लिहिला. दुसऱ्या फेरीत त्याच घरातलं २२.४० काढून १८.७५ ठेवलं आणि तोच पत्ता यादीत परत लिहिला. असं चार वेळा. शेवटी यादीत चार पत्ते, चारही एकाच घराचे, आणि त्या घरात आता २७.६० बसलंय. यादी खोटं बोलत नाहीये, तू चारदा एकाच घराचं दार वाजवतेयस. २७.६० गुणिले चार, ११०.४०, तुझं उत्तर तिथून आलं.

खात्री करायची असेल तर यादीतली शून्यावी एन्ट्री आणि तिसरी एन्ट्री डबल इक्वलने (==) कंपेअर करून प्रिंट कर. पहिल्या कोडमध्ये ट्रू येईल, कारण डबल इक्वल ऑब्जेक्टच्या बाबतीत पत्ताच बघतं. न्यू आत घेतलेल्या कोडमध्ये फॉल्स येईल. हे स्वतः करून बघच, दहा लेक्चरपेक्षा जास्त कळतं.

न्यू आत घेतलं की दर फेरीला नवीन घर, आणि प या चिठ्ठीवर जुना पत्ता खोडून नवा. व्हेरिएबल तोच वापरला, ऑब्जेक्ट मात्र नवीन. हे एकदम बरोबर आहे. उलट मी तर म्हणेन प ची डिक्लेरेशनसुद्धा लूपच्या आतच कर, बाहेर काही काम नाही तिचं. आत डिक्लेअर केल्याने काही स्लो होत नाही, आणि लूप संपल्यावर चुकून प वापरलास तर कंपायलरच ओरडतो, फुकटचा वॉचमन.

द्वारका_जाम:

चारशे ऑब्जेक्टची भीती वाटणाऱ्यांसाठी हिशोब 😄

नेहमीच्या ६४ बिट हॉटस्पॉट जेव्हीएमवर (जावा चालवणारा प्रोग्राम), साध्या सेटिंगला, ऑब्जेक्टचं हेडर १२ बाइट. नाव ही स्ट्रिंग वेगळी असते, पट्टीत तिचा नुसता रेफरन्स, म्हणजे पत्ता, ४ बाइट. वजन डबल (दशांश संख्येचा टाइप) ८, भाव डबल ८. झाले ३२ बाइट. जेव्हीएम आठाच्या पटीत राउंड करतो, हे आधीच पटीत बसलं. चारशे गुणिले ३२ म्हणजे १२,८०० बाइट. नावांच्या स्ट्रिंग धरा वीस-वीस अक्षरांच्या, देवनागरीला अक्षरागणिक दोन बाइट आणि वर हेडर वगैरे, तरी सगळं मिळून पन्नास केबीच्या आत. सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग येतं ना, ते याच्यापेक्षा मोठं असतं.

आणि मुळात तुला चारशे पट्ट्या पाहिजेच आहेत ना? चारशे शेतकऱ्यांचा हिशोब ठेवायचा तर चारशे ऑब्जेक्ट लागणारच, ते वाया कुठे गेले. वाया जाणं म्हणजे नको असताना धरून ठेवणं.

अंबड_सेकंड_शिफ्ट:

सरांना लगेच चुकीचं ठरवू नका रे, त्यांचा सल्ला कुठून आला असेल ते मला दिसतंय. मी इतकी वर्षं मशीनच्या कंट्रोलरसाठी सी आणि सी प्लस प्लसच लिहितोय आणि तिथे ताईंचा पहिला कोड जसाच्या तसा बरोबर चालतो.

कारण सी मध्ये स्ट्रक्टची ॲरे असेल आणि लूपमध्ये एकच प भरून ॲरेच्या आयव्या (i-व्या) जागी टाकला तर पूर्ण स्ट्रक्टची कॉपी होते. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरला पुश बॅक केलं तरी तसंच, कॉपीच आत जाते. म्हणजे तिथे प हीच खरी पट्टी, आणि व्हेक्टरमध्ये तिची झेरॉक्स. नंतर प मध्ये कितीही खाडाखोड करा, आतल्याला काही होत नाही. जावात झेरॉक्स होत नाही, पत्ता जातो. दिसायला कोड सेम टू सेम, वागायला वेगळा, आणि इथेच सी वरून जावात येणारे सगळे आपटतात. व्हेक्टरमध्ये पट्टीऐवजी पट्टीचे पॉइंटर ठेवले तर मात्र सी प्लस प्लसमध्येही ताईंचाच घोळ होतो.

दुसरं, आमच्याकडे न्यू केलं की डिलीट आपणच करायचं. लूपमध्ये न्यू केलं आणि डिलीट विसरलं तर ती मेमरी प्रोग्राम बंद होईपर्यंत अडकली, त्याला लीक म्हणतात, आणि आमच्या मशीन महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. म्हणून "लूपमध्ये न्यू नको" हे तिथे अंगात भिनलेलं असतं. २०११ च्या स्टँडर्डपासून युनिक पॉइंटर आला, तो स्कोप संपला की आपोआप डिलीट करतो, तरी जुन्या लोकांचा हात आखडतोच. आमच्या इथे तर स्टार्टअपनंतर न्यू करायचंच नाही असा नियम आहे आणि तो आमच्या कामाला योग्य आहे. पण तो नियम उचलून जावाच्या वर्गात ठेवला की मुलांचं असं होतं.

जावात कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर आहे. ही काही जावाची आयडिया नाही, जॉन मॅकार्थीने लिस्प या भाषेसाठी १९६० च्या आसपासच केलेली आहे.

कांदेनवमी:

बापरे, थँक्यू सगळ्यांना. डबल इक्वलचं करून बघितलं, पहिल्या कोडला ट्रू आलं, दुसऱ्याला फॉल्स. चिठ्ठी आणि घर कळलं. आता दोन शंका राहिल्या.

एक, चिठ्ठीवरचा पत्ता खोडला तर जुनं घर कलेक्टर लगेच पाडतो का? आणि नल करायचं का नाही ते कुणीच सांगितलं नाही. आमच्या नोट्समध्ये "काम झाल्यावर ऑब्जेक्टला नल करावे व सिस्टिम जीसी कॉल करावा" असं लिहिलंय, फायनलाइझ मेथडचं (ऑब्जेक्ट उचलण्याआधी कलेक्टर बोलावतो ती) पण आहे.

दोन, हे वाचून मी पुढचा पार्ट केला आणि परत सेमच लोचा. रोजची यादी एका हॅशमॅपमध्ये ठेवते, तारीख की आणि त्या दिवसाची यादी व्हॅल्यू. दिवस संपला की मॅपमध्ये पुट करते आणि मग यादी क्लिअर करते म्हणजे दुसऱ्या दिवसाला रिकामी मिळेल. पट्टी तर दरवेळी न्यू करतेय ना आता! तरी शेवटी मॅप प्रिंट केला तर सगळ्या तारखांना रिकामा कंस येतोय 😭

सिडको_त्रिमूर्ती:

दुसरं आधी घेतो. तुझा लोचा तोच आहे, फक्त एक मजला वर चढलाय. पट्टी नवीन केलीस पण यादी हासुद्धा ऑब्जेक्टच आहे, आणि मॅपमध्ये पुट केलं तेव्हा यादीचाही पत्ताच गेला. मग क्लिअर केलंस म्हणजे घर रिकामं केलंस, आणि मॅपमधल्या सगळ्या तारखा त्याच घराकडे बोट दाखवतायत. क्लिअरच्या जागी यादी बरोबर न्यू ॲरेलिस्ट लिही. दिसायला दोन्हीचा अर्थ "यादी रिकामी करा" असाच वाटतो पण क्लिअर म्हणजे आहे तो ऑब्जेक्ट पुसणं आणि न्यू म्हणजे व्हेरिएबलला दुसऱ्या ऑब्जेक्टकडे वळवणं, जुना जसाच्या तसा मॅपकडे सुखरूप.

मी स्वतःला विचारतो तो प्रश्न एवढाच, की हा ऑब्जेक्ट मी अजून कुणाला देऊन ठेवलाय का? दिला असेल तर त्याच्या आत हात घालायचा नाही, नवीन घ्यायचा. कुणालाच दिला नसेल, फक्त माझ्याच मेथडपुरता असेल, तर क्लिअर करून खुशाल परत वापर.

आता नल. कलेक्टर लगेच पाडत नाही. तो त्याच्या सवडीने येतो, मेमरी भरत आली की. आला की तो जिथून प्रोग्राम आत्ता पोहोचू शकतो तिथून सुरुवात करतो, म्हणजे चालू मेथडमधले लोकल व्हेरिएबल, स्टॅटिक फील्ड वगैरे, तिथून पत्त्यामागून पत्ता धरत जातो, ज्या घरापर्यंत पोहोचला ते जिवंत, ज्याचा पत्ता कुणाकडेच नाही ते गेलं. तुझ्यासारखा छोटा प्रोग्राम तर बऱ्याचदा कलेक्टर एकदाही न येता संपूनही जातो.

म्हणून लोकल व्हेरिएबलला नल करायची काही गरज नाही. मेथड संपली की तो व्हेरिएबलच जातो. दर फेरीला नवीन पट्टी टाकतेस तिथे तर आधी नल आणि लगेच पुढच्या ओळीत न्यू, हे निव्वळ टायपिंग झालं. आणि लक्षात घे, तुझ्या केसमध्ये प ला नल केलं तरी पट्टी मरणार नाहीच, कारण यादीकडे तिचा पत्ता आहे. नल म्हणजे ऑब्जेक्ट डिलीट नाही, फक्त ती एक चिठ्ठी कोरी.

नल कधी करायचं? धरून ठेवणारा जास्त दिवस जगणार असेल तेव्हा. ॲरेलिस्टचा स्वतःचा सोर्स उघडून रिमूव्ह मेथड बघ, शेवटची रिकामी झालेली जागा ते मुद्दाम नल करतात, कारण आतली ॲरे तशीच राहते आणि ती जुना पत्ता धरून बसली असती. तसंच स्टॅटिक लिस्ट किंवा मॅप, त्यात टाकत गेलीस आणि काढलंच नाहीस तर कलेक्टर काही करू शकत नाही, त्याच्या दृष्टीने ते सगळं कामाचंच आहे. जावात लीक होत नाही म्हणणाऱ्यांना हे दाखव.

सिस्टिम जीसी ही नुसती विनंती आहे, जेव्हीएम ऐकेलच असं नाही. फायनलाइझ तर विसरून जा, २०१७ ला जावा ९ मध्ये डेप्रिकेट (यापुढे वापरू नका असं) झालं आणि २०२२ ला जावा १८ मध्ये पुढे काढून टाकणार असं जाहीर झालं. पेपरात विचारलं तर तीन ओळी लिहायच्या आणि पुढे जायचं, कोडमध्ये नाही.

नाशिकरोड_लोकल:

पायथनमध्ये ही कटकटच नाही 😎

सिडको_त्रिमूर्ती:

@नाशिकरोड_लोकल आहे ना भाऊ, कशी नाही. लूपच्या बाहेर एक डिक्शनरी कर, आत तिच्यातली वजनाची की बदलत लिस्टमध्ये अपेंड कर आणि प्रिंट मार. चारही सेम येतील. डेल पण ऑब्जेक्ट मारत नाही, नाव काढतं. फरक एवढाच की नेहमीच्या सीपायथनमध्ये रेफरन्सची मोजणी असते आणि ती शून्य झाली की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातो, जावासारखी कलेक्टरची वाट बघत नाही. एकमेकांनाच धरून बसलेले असतील तर तेवढ्यासाठी त्यांच्याकडेही वेगळा कलेक्टर आहे.

नाशिकरोड_लोकल:

बघितलं करून. शब्द मागे 🙏

द्वारका_जाम:

एक गोष्ट राहतेय, नाहीतर ताई आता उठसूट न्यू करतील. लूपमध्ये न्यू नको हा नियम जावातही काही ठिकाणी खरा आहे. मी अँड्रॉइडवर काम करतो, तिथे ऑनड्रॉ मेथडमध्ये पेंट किंवा रेक्टचा ऑब्जेक्ट न्यू केला की लिंट (कोड तपासणारं टूल) पिवळी वॉर्निंग देतं, कारण स्क्रीन सेकंदाला साठ वेळा रंगवायची आणि दरवेळी कचरा टाकला की मधेच कलेक्टर येतो आणि स्क्रोल अडखळतो. तिथे ऑब्जेक्ट आधीच करून ठेवायचे आणि तेच वापरायचे. फाइल वाचताना ८१९२ बाइटचा बफर घेतो तो पण एकदाच घ्यायचा, प्रत्येक वाचनाला नवीन नाही.

आणि स्ट्रिंग. स्ट्रिंगमधलं अक्षर बदलता येतच नाही, प्लस इक्वल केलं की दरवेळी नवीन स्ट्रिंग बनते आणि आधीचं सगळं परत कॉपी होतं. चारशे पट्ट्यांचा रिपोर्ट लूपमध्ये प्लस इक्वलने जोडू नको, स्ट्रिंगबिल्डर घे. तो परत वापरायचा असेल तर सेट लेंथ शून्य केलं की कोरा होतो. हे चालतं कारण त्यातून टू स्ट्रिंग करून बाहेर देतो ती वेगळी प्रत असते, बिल्डर स्वतः कुणाच्या हातात जात नाही. वर सिडकोवाल्यांनी प्रश्न सांगितलाय ना "कुणाला देऊन ठेवलाय का", तो इथे पण लागू.

व्हेरिएबलच्या बाबतीत पण माझं एक मत. टेम्प नावाचा एकच व्हेरिएबल करून आधी त्यात वजन, मग त्यातच हमाली, मग त्यातच निव्वळ रक्कम, असं करणारे लोक मला भेटलेत. मेमरीत आठ बाइट वाचतात आणि वाचणाऱ्याचा अर्धा तास जातो. नाव वेगळं दे, जमेल तिथे फायनल लाव. लूपच्या आत डिक्लेअर केलेली पट्टी फायनल करता येते, कारण दर फेरीला व्हेरिएबलही नवीनच असतो. पुढे लॅम्डा (बिननावाची छोटी मेथड) शिकशील तेव्हा बाहेरचा बदलत जाणारा व्हेरिएबल आत वापरला की कंपायलर अडवतो, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल. (आणि पैशाला डबल नको वापरूस, बिगडेसिमल बघ. पण तो वेगळा धागा.)

कांदेनवमी:

मॅपचं झालं, न्यू ॲरेलिस्ट केल्यावर तारखा नीट आल्या. रिपोर्ट पण स्ट्रिंगबिल्डरने केला. सरांना विचारलं, त्यांना सी चा मुद्दा एकदम पटला, म्हणाले वर्गात दोन्ही कोड शेजारी शेजारी लिहून दाखव.

शेवटचं विचारते, आता ऑब्जेक्ट नवीन घ्यायचा म्हणून मी ट्रॉलीची माहिती घेणाऱ्या मेथडमध्ये स्कॅनर (कीबोर्डवरून वाचणारा ऑब्जेक्ट) पण दरवेळी न्यू केला आणि काम झाल्यावर क्लोज केला, सांडलेलं आवरायचं म्हणून. पहिली ट्रॉली जाते, दुसरीला नो सच एलिमेंट एक्सेप्शन, नो लाइन फाउंड. हा तर न्यू आहे ना??

अंबड_सेकंड_शिफ्ट:

स्कॅनर न्यू आहे, पण त्याच्या खालचा सिस्टिम इन, म्हणजे कीबोर्डचं इनपुट, एकच आहे. स्कॅनर क्लोज केला की तो खालचा सिस्टिम इन पण बंद करतो, आणि तो परत उघडता येत नाही. दुसरा स्कॅनर बनतो छान, वाचायला जातो तर नळच बंद. कीबोर्डसाठी स्कॅनर एकदाच मेनमध्ये बनवा, मेथडला पॅरामीटर म्हणून द्या आणि क्लोजच्या भानगडीत पडू नका, प्रोग्राम संपला की ते आपोआप होतं.

फाइलचं मात्र उलट. पट्ट्या फाइलमध्ये लिहाल तेव्हा ती बंद करणं तुमचंच काम, कलेक्टर मेमरी बघतो, फाइल आणि डेटाबेसचं कनेक्शन त्याच्या भरवशावर सोडायचं नाही. रायटर बंद केला नाही तर बफरमधल्या शेवटच्या ओळी फाइलमध्ये उतरतच नाहीत आणि मग चारशेपैकी शेवटच्या वीस-पंचवीस पट्ट्या कुठे गेल्या म्हणून शोधत बसाल. जावा ७ पासून ट्राय विथ रिसोर्सेस आहे, ट्रायच्या कंसातच रायटर न्यू करायचा, ब्लॉक संपला की तो स्वतः क्लोज होतो, मधे एक्सेप्शन आलं तरी.

आणि स्कॅनर एक केलात की पुढचा दगड आत्ताच सांगून ठेवतो. वजन नेक्स्ट डबलने घेऊन लगेच पुढच्या शेतकऱ्याचं नाव नेक्स्ट लाइनने घ्याल तर नाव रिकामं येईल, कारण वजनानंतर दाबलेला एंटर तसाच पडून असतो आणि नेक्स्ट लाइन तोच उचलते. सगळंच नेक्स्ट लाइनने घ्या आणि वजन डबल डॉट पार्स डबलने बदलून घ्या.

कांदेनवमी:

हो ते रिकामं नाव कालच आलं होतं, मला वाटलं कीबोर्ड खराब आहे 😅 करून बघते.